उज्जैनची वेळ, समुद्रातलं जहाज

मुक्ताईनगरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही भर समुद्रात जहाज नेमकं कुठे आहे हा प्रश्न समजून घ्यायला हे गाव फार सोयीचं आहे. जुन्या ज्योतिर्विदांनी गणितासाठी धरलेली उज्जैनची मध्यरेखा गावाच्या अगदी जवळून जाते. उज्जैनच्या आणि इथल्या मध्यान्हात फरक जेमतेम मिनिटभराचा.

उत्तर-दक्षिण ठाव लागणं खलाशाला अवघड नव्हतं. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितके अक्षांश. मुक्ताईनगरला साधारण २१. अरब नावाडी गाठी मारलेल्या दोरीची लाकडी पट्टी वापरत. दोरी दातांत धरायची, पट्टीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ताऱ्याला लावायची, की गाठीवरून उंची कळे. पूर्व-पश्चिमेला मात्र असा एका जागी थांबलेला तारा नाही. तिथे दोन ठिकाणच्या वेळांतला फरकच कळावा लागतो.

हे आपल्याकडे ठाऊक होतं. सूर्यसिद्धांतात त्यासाठी चंद्रग्रहणाचा उपाय आहे. ग्रहणाची उज्जैनची वेळ गणिताने काढायची आणि आपल्या गावी ते कधी दिसलं ते पाहायचं. फरक एका घटकेचा, तर अंतर सहा अंशांचं. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. तिथला शिलालेख १२०७चा. (तापी-पूर्णा संगमावरचे योगी चांगदेव वेगळे.) त्या मठात हे देशांतराचं गणित नक्कीच घोकलं गेलं असणार.

पण वादळातला खलाशी ग्रहणाची वाट कशी पाहणार? १७०७मध्ये सिली बेटांजवळ चार ब्रिटिश युद्धनौका खडकांवर फुटल्या, हजाराहून अधिक माणसं बुडाली. १७१४मध्ये ब्रिटिश संसदेने समुद्रात पूर्व-पश्चिम ठाव काढण्याच्या उपायासाठी २०,००० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. ते आव्हान पेललं जॉन हॅरिसन या सुताराने. १७६१मध्ये निघालेल्या जमैकाच्या सफरीत त्याचं घड्याळ ८१ दिवसांत अवघे पाच सेकंद चुकलं. तत्त्व जुनंच होतं. हलत्या जहाजावर बंदराची वेळ जपणारे हात मात्र त्या कारागिराचे. माझ्या लेखी त्याचा मान ग्रंथकर्त्यांपेक्षा कमी नाही. आज मोबाइलला ठिकाण सांगणारे उपग्रहही अणुघड्याळंच वाहतात.

खानदेशातल्या शिक्षकांना एक विनंती. १५ एप्रिलच्या सुमारास शाळेच्या अंगणात काठी उभी रोवा आणि तिच्याभोवती वर्तुळ आखा. सावलीचं टोक सकाळी वर्तुळात शिरतं आणि दुपारी बाहेर पडतं, त्या दोन वेळांचा मध्य काढा. मुक्ताईनगरला तो १२ वाजून २६ मिनिटांच्या आसपास येईल. चार मिनिटांना एक अंश या हिशेबाने साडेसहा अंश झाले. ते भारतीय प्रमाणवेळेच्या साडेब्याऐंशीतून वजा करा. ७६ रेखांश मुलांनाच काढू द्या.