बिनविरोध

गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लागतो. हात जोडलेले सात-आठ चेहरे, कपाळाला गुलाल, वर ठळक अक्षरांत 'बिनविरोध'. लढून जिंकलेल्यांपेक्षा न लढता निवडून आलेल्यांचा गुलाल जरा जास्तच उधळला जातो.

कायद्याला यात कौतुकाचं काही दिसत नाही. जागा जितक्या, तितकेच उमेदवार उरले, तर मतदान घ्यायचं नाही. उरलेले निवडून आले. 1963 साली यशवंतराव चव्हाण नाशिकमधून असेच लोकसभेत गेले. 1977 साली नीलम संजीव रेड्डी असेच राष्ट्रपती झाले. बाकी सगळ्यांचे अर्ज छाननीत बाद झाले होते. 2024 साली सुरतच्या मतदारांना लोकसभेसाठी मतदान करावं लागलं नाही. की करता आलं नाही? दोन्ही खरंच.

गावात खरी गोष्ट घडते ती माघारीच्या दिवशी. तहसील कचेरीच्या आवारात, दुपारी तीनच्या आत. झाडाखाली एकाला मध्ये घेऊन चौघे बसलेले असतात. "तुझं पुढच्या वेळी बघू." "घरातल्या घरात कशाला?" चहा येतो. चहा संपायच्या आत कुणीतरी पेन पुढे करतं आणि तो सही करतो. कधी ही समजूत मनापासूनची असते. भावकीतलं भांडण पाच वर्षं कसं पुरतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला एकोप्याचं मोल सांगावं लागत नाही. कधी मात्र समजूत पैशानं काढलेली असते. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी, इथं सरपंचपदाची बोली लागल्याचं उघड झालं, तेव्हा जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगानं तिथली निवडणूकच रद्द केली.

बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. शांत. विरोध नसणं आणि विरोध न दिसणं, यांत अंतर एका सहीचं.

मतदार या सगळ्यात कुठेच नसतो. 'नोटा'चं बटणही त्याच्यापर्यंत पोचत नाही, कारण यंत्रच गावात येत नाही. मला एकमताचं वावडं नाही. ते ग्रामसभेत, बायाबापड्यांसकट सगळ्यांदेखत झालं, तर फारच चांगलं. पण झाडाखालच्या चौघांचं एकमत हे गावाचं एकमत नव्हे.

तुमच्या गावची निवडणूक बिनविरोध झाली असेल, तर निवडून आलेल्यांचं अभिनंदन जरूर करा. माघार कुणी घेतली आणि का, एवढं मात्र विचारून घ्या.