सोपवण्याचा धर्म

ज्या मुलाला स्वतःवर झालेला अन्याय शब्दांत सांगता येत नाही, त्याला रात्रंदिवस घरात राहणाऱ्या परक्या बाईच्या हवाली करताना मातापित्यांच्या मनात उठणारा प्रश्न केवळ व्यवहाराचा नसतो; वेतन घेऊन केलेल्या सेवेत वात्सल्य असू शकते काय, हा तो प्रश्न होय. महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याध मिथिलेच्या बाजारात मांस विकून उपजीविका करी आणि तरीही तपस्वी कौशिकाला धर्म शिकविण्याचा अधिकारी ठरला. तेव्हा मोबदल्याने कर्म विटाळते, हे मला मान्य नाही. उलट, पुरता पगार, आठवड्याची सुटी आणि निर्वेध झोप नाकारून तिच्याकडून मायेची अपेक्षा करणे, हाच मला अधर्म वाटतो. पोलिसांचा दाखला आणि मागच्या घरची खातरजमा हवीच. परंतु घास भरवताना मूल गिळेपर्यंत ती थांबते की नाही, हेही पाहावे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये काही प्रकारच्या दिव्यांग व्यक्तींसाठी नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत पाल्याच्या मिळकतीची यादी सादर करावी लागते. पण स्पर्शाचा हिशेब कोणत्याही कचेरीत दाखल होत नाही, म्हणून आईबापांना अधूनमधून अवचित घरी परतावेच लागते, आणि त्यात तिचा अवमान नाही, हे तिला पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगून ठेवावे.