साधनाची सोय आणि साधकाचा धर्म

वळणाकडे वेगाने जाणाऱ्या मोटारीचा चालक जेव्हा उजव्या पावलाच्या पुढच्या भागाने ब्रेक दाबतो, डाव्या पायाने क्लच दाबून हाताने गिअर खाली घेतो, आणि ब्रेकवरचा दाब तसूभरही ढळू न देता त्याच उजव्या पावलाची टाच किंवा बाहेरची कड ॲक्सिलरेटरवर टेकवून इंजिनाला क्षणभर रेस देतो, तेव्हा त्याच्या या कर्मास शर्यतींच्या परिभाषेत ‘हील-अँड-टो’ म्हणतात. त्याचे प्रयोजन उघड आहे. त्याच वेगाला खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे अधिक लागतात. ते आधीच वाढवून घेतले नाहीत, तर क्लच सोडताच चाकांना हिसका बसतो, आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर असलेली गाडी ऐन वळणात घसरण्याचा संभव उत्पन्न होतो.

पुष्कळ गाड्यांत मात्र ब्रेकचे पेडल इतके उंच आणि ॲक्सिलरेटर इतका खोल वा दूर असतो की चालकाची इच्छा व अभ्यास असूनही पाऊल दोहोंवर एकाच वेळी पोहोचत नाही. अशा वेळी जाणता मिस्त्री ॲक्सिलरेटरवर जाड पट्टी बोल्टने पक्की बसवून त्याची पातळी व रुंदी वाढवतो. येथेच एक जुना धर्मप्रश्न उभा राहतो: साधन आपल्या मापाचे करून घेणे ही साधनेतील कसूर मानावी, की साधनेचेच एक अंग मानावे?

कोणी तत्त्वनिष्ठ मनुष्य म्हणेल की खऱ्या कौशल्यास अशा तजविजीची गरज नसते. आणि दाखला म्हणून सुझुकाच्या शर्यतमार्गावर होंडा एनएसएक्स चालवणाऱ्या शर्यतपटू आयर्टन सेनाच्या पायांचे ते प्रसिद्ध चित्रण पुढे करील, ज्यात शर्यतीचे खास बूट नसून साधे घालायचे बूट असतानाही त्याची पावले तिन्ही पेडलांवर लीलया फिरताना दिसतात. परंतु शर्यतीच्या गाडीत बैठक व पेडले चालकाच्या अंगमापानुसार बसवण्याची रीतच आहे, हे तो विसरतो. गीतेच्या सहाव्या अध्यायातही मन एकाग्र करण्याची आज्ञा येण्यापूर्वी आसनाची तरतूद येते, आणि ते फार उंच नसावे, फार खाली नसावे, असे त्याच्या उंचीचे मापही सांगितले जाते. चित्तनिरोधाचे एवढे मोठे कार्य हाती घेतलेल्या ग्रंथाला बैठकीची उंची क्षुल्लक वाटली नाही, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे.

तथापि सोयीने कर्म घडते असेही नव्हे. पतंजलीने योगसूत्रांच्या कैवल्यपादात निमित्ताचे कार्य सांगताना शेतकऱ्याचा दृष्टान्त घेतला आहे: तो पाणी हातांनी ढकलीत नाही, फक्त बांध फोडतो, आणि पाणी आपल्या स्वभावाने पुढच्या वाफ्यात उतरते. ॲक्सिलरेटरवरची पट्टी म्हणजे असा फोडलेला बांध होय. तिने अडथळा दूर होतो, पण टाच किती व केव्हा दाबावी हे ज्ञान तिच्यातून येत नाही. याउलट, २००९ सालच्या निसान ३७०झेडसारख्या गाडीत गिअर खाली घेताना इंजिनाचे फेरे यंत्रच जुळवून देते. तेथे अडथळा दूर होत नाही, कर्मच चालकाच्या हातून काढून घेतले जाते. सोय आणि आयतेपणा यांतील सीमा हीच आहे.

सोयीलाही मर्यादा आहेत. ब्रेकची उंची बदलण्याच्या भरात पेडलाचा दांडा व मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांमधला थोडासा ‘प्ले’, म्हणजे मोकळी जागा, नाहीसा केला, तर ब्रेक ऑइलला परतीची वाट मिळत नाही, ते तापून दाब वाढतो, आणि ब्रेक आपोआप धरू लागतात. म्हणून ब्रेकला शक्यतो हात न लावता ॲक्सिलरेटरच त्याच्या मापाने बसवावा, आणि नवी पट्टी ब्रेकखाली वा पायपुसण्यात अडकत नाही याची खात्री करावी. आवरणारी शक्ती प्रमाण मानून प्रेरक शक्तीने तिच्याशी जुळवून घ्यावे, हा क्रम केवळ मोटारीपुरता नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मापनाची आहे. ॲरिस्टॉटलने मध्यम प्रमाण हे वस्तूचे नसून आपल्या अपेक्षेने ठरते असे सांगून मिलो या मल्लाच्या आहाराचे उदाहरण दिले. त्या न्यायाने पेडलांमधले योग्य अंतर ज्याच्या त्याच्या पावलावर अवलंबून राहील. पण ते मोजावे कोणत्या अवस्थेत? गाडी उभी असताना दोन्ही पेडले समपातळीत आणणारा मनुष्य फसतो, कारण जोराने दाबल्यावर ब्रेक खाली जातो आणि ॲक्सिलरेटर त्याच्या वर राहून पावलाला नकळत लागतो. म्हणून ब्रेक पुरता दाबलेला असताना तो ॲक्सिलरेटरच्या बरोबरीला किंवा किंचित वर राहावा, असा नियम आहे. ज्याला आपण समत्व म्हणतो त्याचीही परीक्षा अशीच घ्यावी लागते. निवांत खोलीत आढळणारे समत्व हे बहुधा भाराच्या अभावाचे दुसरे नाव असते. ऐन दडपणाखाली ज्याच्या वृत्ती एकमेकींच्या आवाक्यात राहतात, त्यालाच ते लाभले म्हणावे.

तेव्हा साधन जुळवून घेण्यात कमीपणा नाही; मात्र जो जुळवून घेतो त्याने एक गोष्ट ओळखून असावे, की पेडले पावलाच्या मापाची झाल्यावर चुकलेल्या गिअरचा दोष पेडलांवर ढकलण्याची सबब त्याच्यापाशी उरत नाही.