आरंभाचा धूर (गीता १८.४८)

आजचा श्लोक १८ व्या अध्यायातला, ४८ वा. आग म्हटली की धूर आलाच, तसा प्रत्येक आरंभाला काही ना काही दोष असतोच. म्हणून आपलं सहज कर्म सोडू नकोस, असं कृष्ण अर्जुनाला सांगतो.

सध्या आमच्या घरी हाच श्लोक चाललाय, कारण वहिनी फिरतं बुटीक सुरू करतेय. जुना टेम्पो, आत कपड्यांचे रॅक, पडदा लावलेली ट्रायल रूम, रोज वेगळी सोसायटी. माझ्या इंजिनिअर डोक्याला आधी धूरच दिसला: डिझेल, सोसायट्यांची परवानगी, पावसाळा, न खपलेला माल. वहिनी म्हणाली, "भाऊजी, धूर मोजा खुशाल, पण चूल पेटवायचीय ना?"

देव गिऱ्हाईक पाठवेल, याला मी श्रद्धा म्हणत नाही. श्लोकात नफ्याचं आश्वासन कुठेच नाही. ४६ व्या श्लोकात मात्र आपल्या कामानेच त्याची पूजा करायला सांगितलंय. नामदेव महाराज शिंपी कुळातले. गुरु ग्रंथ साहिबात त्यांचं पद आहे, त्यात गज, कात्री, सुई-दोरा सगळं येतं. पूजेचं साहित्य वेगळं आणावंच लागलं नाही! मग माप नीट घेणं, न शोभणारा ड्रेस गळ्यात न मारणं, हीसुद्धा पूजाच.

घरच्यांनी धूर वाटून घेतलाय. आई काज-बटण करते, दादा रविवारी गाडी चालवणार, सहा महिने हप्ता माझ्याकडे. त्यानंतर हिशेब पुन्हा मांडायचा, हे वहिनीनेच ठरवलंय.

उद्या पहिली फेरी. आई टेम्पोला हार ओवतेय. मी स्टेपनीत हवा आहे का, ते बघून येतो.