उशीर कोणाचा?

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरात कोणाला उठवावे लागत नाही. चार वाजता बंब पेटतो, उटण्याचा वास पडवीपर्यंत येतो, आणि एरवी सात हाका मारल्या तरी कूस न बदलणारी पोरे आपण होऊन अंथरुणाबाहेर येतात. पहिली आंघोळ कोणाची यावरून त्यांची भांडणे लागतात. केंदूर हे संत कान्होराज महाराज पाठकांचे गाव. कार्तिकातल्या काकड्यालाही हीच पोरे थंडीत कुडकुडत, डोक्यावर टॉवेल गुंडाळून देवळात हजर असतात. लहान मुलांना लवकर उठणे आवडत नाही असे जे आपण म्हणतो, ते पुरते खरे नव्हे. मग शनिवारच्या सकाळच्या शाळेला हीच मुले डोळे चोळीत, दप्तर ओढीत, प्रार्थना अर्धी झाल्यावर का येतात?

हा प्रश्न मला पडण्यास कारण आहे. मी शिक्षक आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. (माझी पत्नी हे वाक्य उलट करून सांगते.) माझी पुस्तकी विद्या मॅट्रिकपुरतीच, परंतु पोरे हाताळता हाताळता जे शिकायला मिळते, त्याला कोणत्या परीक्षेची अट नसते.

शाळेच्या वेळेची चर्चा आपल्या राज्यात मध्यंतरी पुष्कळ झाली. २०२३ च्या डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, तेव्हा शाळांच्या वेळांचा फेरविचार व्हावा, असे सुचविले. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने आदेश काढला, की पूर्वप्राथमिकपासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. शहरातल्या आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ज्या आयांना स्वतःला सातच्या पाळीला जायचे होते, त्यांच्यापुढे मात्र मुलाला दोन तास ठेवायचे कोठे हा नवाच पेच उभा राहिला. एकाच इमारतीत सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन शाळा चालविणाऱ्यांचे गणित बिघडले. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या मार्चअखेरीस, उन्हाचा कडाका पाहून राज्यातल्या शाळा सकाळी ७ वाजता भरवाव्यात असे ठरले. नऊ म्हणणारेही मुलांच्या हिताचे बोलत होते आणि सात म्हणणारेही. दोघेही खोटे बोलत नव्हते, हीच यातली अडचण आहे.

आणखी एक गंमत अशी, की झोपेचा अभ्यास करणारे लोक ज्यांच्याविषयी सर्वांत अधिक काळजी करतात, ती चौथीतली मुले नव्हेत. ती आहेत आठवी-नववी-दहावीतली. मूल वयात येऊ लागले म्हणजे झोप आणणारा जो स्राव मेंदूत पाझरतो, तो रात्री उशिरा पाझरू लागतो. पोर दहाला आडवे झाले तरी त्याला अकरापर्यंत झोप येत नाही, आणि सकाळी सहाला त्याच्या शरीराच्या हिशेबी मध्यरात्रच असते. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली म्हणूनच सांगितले, की या मुलांच्या शाळा साडेआठच्या आत भरवू नका. कॅलिफोर्नियाने त्याचा कायदा केला आणि २०२२ पासून तो लागू झाला. आपण झोप दिली ती धाकट्यांना. थोरल्यांना काय दिले? त्यांना आपण ‘आळशी’ हा शब्द दिला. निदान मी तरी दिला.

ही गोष्ट २०१४ च्या जानेवारीतली. ज्या शाळेत मी तेव्हा होतो, तिचे नाव सांगत नाही. दोष शाळेचा नव्हता, फाटकाशी मी उभा होतो. एरवी शाळा अकराची, पण शनिवारी सकाळी सातची. उशिरा येणाऱ्याने फाटकाबाहेर थांबायचे, प्रार्थना संपली की मैदानाला पाच फेऱ्या मारायच्या आणि मग वर्गात यायचे, असा माझा नियम होता. नियम माझा होता म्हणून मला तो फार आवडे. नववीतला एक मुलगा दर शनिवारी उशिरा येई. काही बोलत नसे. दप्तर लिंबाच्या बुंध्याशी ठेवून मुकाट्याने फेऱ्या मारी. एका शनिवारी फाटक उघडून पाहतो, तर हा लिंबाला पाठ टेकून उभ्या उभ्या झोपलेला. मी साऱ्या शाळेसमोर म्हणालो, “आमचे कुंभकर्ण महाराज आले हो! वाजंत्री आणा.” सगळे हसले. मला माझ्या विनोदाचे कौतुक वाटले. त्या दिवसापासून मुलाचे नाव ‘कुंभ’ पडले. पुढच्या शनिवारी तो आला नाही, आणि त्याच्या पुढच्याही.

फेब्रुवारीत मी एक कादंबरी लिहीत होतो. तीत रात्री शेताला पाणी देण्याचा प्रसंग होता. लेखकाने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहू नये, अशी माझी त्या काळी फार करारी श्रद्धा होती. तेव्हा एका शुक्रवारी रात्री ओळखीच्या एका शेतकऱ्याबरोबर वाडीवर गेलो. बाराच्या पुढे लाईट आली. मोटर आपोआप सुरू करणारे यंत्र आता खेड्यातही असते, पण पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचे ते हातानेच; त्याला यंत्र नाही. शेजारच्या कांद्यात एक बॅटरी हलत होती, आणि बिबट्याने दूर राहावे म्हणून कोणी मोबाईलवर भजन मोठ्याने लावले होते. मी वही काढली. प्रकाश कसा हलतो, चिखलात पाय कसा वाजतो, सारे टिपून घेतले. मग ती बॅटरी बांधाशी आली, आणि बॅटरीमागून आवाज आला, “सर, तुम्ही?”

त्याच्या वडिलांच्या कमरेचे दुखणे होते. गडी परवडत नव्हता. शेतीच्या पंपांना वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी पाळीने मिळे. त्यांच्या वाडीला शुक्रवारची रात्र येत होती. पहाटे चार-साडेचारपर्यंत दारे धरायची, मग तासभर पडायचे, मग तीन किलोमीटर चालत शाळा.

मी विचारले, “मला सांगायचे नाही का रे?”

तो म्हणाला, “सांगून काय, सर? लाईट दिवसा आली असती?”

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. लाईट दिवसा आणणे माझ्या हाती नव्हते, हे त्याचे म्हणणे खरे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून पुढे २०१७ साली राज्याने सौर वाहिनीची योजना काढली. ती सरकारची गोष्ट. पण वाजंत्री मागविणे तर माझ्याच हाती होते! माझ्या कादंबरीतल्या शेतकऱ्याची रात्र कशी जाते, हे पाहायला मी दीड कोस अंधारात चालत गेलो. माझ्या वर्गातल्या मुलाची रात्र कशी गेली, हे विचारायला फाटकापासून लिंबापर्यंत दहा पावले चालायची होती. ती मी दोन महिने चाललो नाही.

कोणी म्हणेल, हा एका मुलाचा अपवाद झाला. वेळेची शिस्त नको काय? हवी. वक्तशीरपणा हा नुसता साहेबी डौल नव्हे, ती दुसऱ्याच्या आयुष्याची बूज आहे. चाळीस मुलांच्या वर्गात मास्तर दहा मिनिटे उशिरा गेला, तर चारशे मिनिटे बुडाली. मात्र त्या मास्तरला कोणी मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावीत नाही. एस. टी. अर्धा तास उशिरा आली, तर आपण म्हणतो ‘गाडी लेट आहे’. मूल पाच मिनिटे उशिरा आले की म्हणतो ‘मूल आळशी आहे’. गाडीच्या बाबतीत आपण कारण शोधतो: रस्ता, पाऊस, पंक्चर. मुलाच्या बाबतीत आपल्याला कारण आधीच ठाऊक असते, आणि ते त्याच्या स्वभावात असते. माझी तक्रार घंटेविषयी नाही, या घाईविषयी आहे.

शिवाय घंटा म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. आपण घड्याळात जी वेळ पाहतो, ती मुळी आपल्या गावची नाहीच. ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्ताची. १ जानेवारी १९०६ पासून ती देशाची वेळ झाली. पण मुंबईकरांनी तिला विरोध केला आणि १९५५ पर्यंत ३९ मिनिटे मागे असलेला आपला ‘मुंबई टाइम’ सोडला नाही. केंदूरचा सूर्य या घड्याळाच्या सुमारे ३४ मिनिटे मागे आहे. जानेवारीत आमच्याकडे सूर्योदयच सात वाजून गेल्यावर होतो. म्हणजे ज्या मुलाला मी ‘उशीर केलास’ म्हणून बाहेर उभे करीत होतो, त्याच्या डोक्यावर सूर्य देखील अजून आला नव्हता. (आमच्या गावाजवळून वाहणाऱ्या नदीचे नावच वेळ आहे. उन्हाळ्यात ती कोरडी पडते, एवढेच तिच्याविषयी सांगतो.)

शाळेची वेळ मुलाच्या दिवसाला जुळवून घेण्याचे शहाणपण आपल्याकडे कधी नव्हतेच असेही नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली; दिवसा जो राबतो त्याने दिवसा शिकावे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तर डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला त्याच्याही पुढे गेल्या. तिथली आदिवासी मुले शाळेत येत ना, कारण ती गुरे राखीत. बाईंनी ‘पोरे बेफिकीर आहेत’ असा शेरा लिहिला नाही. गुरे जिथे चरत, तिथे त्यांनी शाळा नेली. कुरणात भरते म्हणून कुरणशाळा. तिथे हजेरी कशी घेत असतील, हे पाहायला मला फार आवडले असते. गाय पांगली की मूल उठून जाणार, आणि परत आले की पाठ जिथे होता तिथून पुढे. अशा शाळेत ‘उशीर’ हा शब्द कोणत्या वहीत लिहायचा?

कुरणशाळा मला काही काढता आली नाही. त्या रात्रीनंतर मी एवढेच केले, की फेऱ्या बंद केल्या आणि उशिराच्या वहीत नावापुढे एक रकाना वाढविला: कारण. पहिल्या महिन्यात तो रकाना भरताना मला लाज वाटू लागली. ‘आई पहाटेच्या पाळीला, धाकट्या भावाला अंघोळ.’ ‘डेअरीला दूध.’ ‘पाण्याचा टँकर आला.’ एका मुलीने प्रामाणिकपणे ‘झोप लागली’ असे लिहिले. तिलाही मी आत घेतले. मुख्याध्यापकांना हा प्रकार पसंत नव्हता. सगळीच मुले आता कारणे रचतील, असे ते म्हणत. काहींनी रचलीही. कादंबरीकार असल्यामुळे रचलेले कारण मला बहुधा ओळखू येई.

तो मुलगा त्या वर्षानंतर पुन्हा शनिवारी येऊ लागला. उशिराच, पण येऊ लागला. दहावी झाला. आता रांजणगावच्या एका कारखान्यात आहे, लग्न झाले, घरी दुचाकी आली. माझी ती कादंबरी छापली गेली. तीत रात्रीच्या पाण्याचे प्रकरण आहे, आणि वाचकांना तेच सर्वांत आवडले, असे प्रकाशक सांगतात. मी त्याला एक प्रत दिली आहे. वाचली का, हे विचारण्याचा धीर झाला नाही.

मागच्या पाडव्याला तो फराळाला आला होता. बरोबर दोन जुने वर्गमित्र होते. चकलीचे ताट पुढे सरकवीत त्यांतला एक म्हणाला, “घे रे कुंभ.” तो हसला आणि त्याने चकली घेतली. थोड्या वेळाने घड्याळाकडे पाहून उठला. रात्रपाळी होती, दोन तास झोप काढून निघायचे, म्हणाला. मी त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेलो.