अल्बमातला अपरिग्रह

तिकीटसंग्राहकांच्या मंडळाची बैठक एकदा तरी पाहावी. गाव कुठलंही असो, दृश्य बहुतेक तेच. शाळेतला रिकामा वर्ग किंवा वाचनालयाची माडी, जोडून लावलेली बाकं, त्यांवर उघडे अल्बम आणि अल्बमांवर वाकलेल्या माना. तिकिटाला कुणी बोट लावत नाही, कारण घामाचा डाग कागद विसरत नाही. चपट्या टोकांचा चिमटा, भिंग, तिकिटाच्या दातऱ्या मोजायची पट्टी, पानं सुटत आलेला कॅटलॉग. "हंगेरीचा हा सेट दुबार आहे, तुमच्याकडचं भूतान देता का?" असा व्यवहार चालू असतो आणि त्यात सातवीतला मुलगा निवृत्त मॅनेजरशी बरोबरीनं घासाघीस करतो.

इतक्या निरुपद्रवी छंदाला धर्माचा प्रश्न विचारावा का? विचारावाच. पतंजलींच्या पाच यमांत शेवटचा अपरिग्रह. जैनांच्या पाच महाव्रतांतही तो आहे. गरजेपलीकडे साठवू नये, हा त्याचा साधा अर्थ. तिकीटसंग्राहक तर गरजेचं काहीच साठवत नाही. शिक्का बसलेल्या तिकिटावर पत्रही जात नाही. निव्वळ साठवण्यासाठी साठवणं म्हणजे परिग्रहाचं शुद्ध रूपच म्हणायचं.

या प्रश्नाची धार गांधीजींच्या तिकिटाइतकी दुसरीकडे कुठं जाणवत नाही. आश्रमाच्या एकादश व्रतांत अपरिग्रह होता. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना दर आठवड्याला लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी या व्रतांचं विवेचन केलं. आलेल्या पत्राची कोरी पाठसुद्धा ते वाया जाऊ देत नसत. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांच्या चित्राची चार तिकिटं निघाली : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडमधली. त्यांतल्या दहा रुपयांच्या अवघ्या १०० तिकिटांवर सरकारी वापरासाठी 'सर्व्हिस' हा शब्द छापला गेला. अशा चार तिकिटांची एक सलग पट्टी २०१७ मध्ये ५ लाख पौंडांना विकली गेली. ज्यानं काही जवळ बाळगायचं नाही असं ठरवलं, त्याचाच चेहरा बाळगण्यासाठी जगानं एवढी किंमत मोजली. यात खरीदणाऱ्याला दोष देऊन प्रश्न सुटत नाही. दोन रुपयांच्या तिकिटासाठी बैठकीत जीव टाकणाऱ्या मुलाचं मनही त्याच जातीचं असतं.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात अपरिग्रहाचं कारण सांगताना वस्तूंमधले पाच दोष दाखवले आहेत : त्या मिळवाव्या लागतात, राखाव्या लागतात, त्या नासतात, त्यांच्यात मन अडकतं आणि त्यांच्यापायी हिंसा घडते. संग्राहकानं ही यादी वाचली तर आपलंच घर कुणी पाहून गेलं असं त्याला वाटेल. मिळवण्याचं सोडा, ते उघडच आहे. राखणं मात्र मुंबई-कोकणचा पावसाळा काढलेल्यालाच कळतं. दमट हवेत कोऱ्या तिकिटाच्या पाठीचा डिंक सुटतो, तिकीट पानाला चिकटून बसतं, दातऱ्यांवर तांबूस ठिपके चढतात. नासण्याचं उदाहरण तर आशियातल्या पहिल्या चिकट तिकिटांचंच. १८५२ मध्ये सिंधमध्ये बार्टल फ्रियर यांनी 'सिंध डाक' सुरू केली. पुढं हेच फ्रियर मुंबईचे गव्हर्नर झाले. त्या डाकेची लाखेसारखी लाल तिकिटं इतकी ठिसूळ होती की हाताळताना तडकत. आज ती दुर्मिळ आहेत याचं एक कारण हेच.

मन अडकण्याची गोष्ट फिलिप फॉन फेरारी यांची. ब्रिटिश गियानाचं १८५६ मधलं एक सेंटचं, जगात एकुलतं एक उरलेलं तिकीट त्यांच्याकडं होतं. संग्रह अखंड राहावा म्हणून त्यांनी तो मृत्युपत्रात बर्लिनच्या टपाल संग्रहालयाच्या नावे केला. १९१७ मध्ये ते गेले, महायुद्ध संपलं आणि फ्रान्स सरकारनं शत्रूची मालमत्ता म्हणून तो जप्त करून लिलावात फुंकला. आयुष्यभर जुळवलेलं काही वर्षांत जगभर पांगलं.

पाचवा दोष सर्वांत अनपेक्षित. तिकिटांपायी कसली हिंसा? पण मंडळातल्या जुन्या माणसांना विचारा, त्यांचा चेहरा उतरतो. लहानपणी त्यांनी आजोबांच्या ट्रंकेतली पाकिटं कात्रीनं कापली, तिकिटाचे तुकडे कोमट पाण्यात भिजवले, वर्तमानपत्रावर वाळवले आणि उरलेला कागद बंबात घातला. त्या कागदावर खेड्याच्या टपालघराचा शिक्का होता, पत्र कोणत्या वाटेनं आलं याच्या खुणा होत्या, युद्धकाळातलं असेल तर सेन्सॉरची मोहोरही होती. तिकीट वाचलं आणि पत्राचा प्रवास मेला. आज टपाल इतिहासाचे अभ्यासक असं अख्खं पाकीट शोधत फिरतात.

मग अल्बम मिटून टाकायचा का? इथं जैन आचार्य उमास्वाती उपयोगी पडतात. तत्त्वार्थसूत्रात त्यांनी परिग्रहाची व्याख्या 'मूर्च्छा' या शब्दानं केली आहे. वस्तू जवळ असणं म्हणजे परिग्रह नव्हे. तिच्यापायी शुद्ध हरपणं हा परिग्रह. ही व्याख्या मानली तर बैठकीचं मोल दिसू लागतं. कपाटातला अल्बम मूर्च्छेला पोसतो, बाकावर उघडलेला अल्बम तिला थोडं तरी हलवतो. तिथं दुबार तिकिटं नवख्याच्या हाती जातात. प्रदर्शनाच्या एका चौकटीत १६ पानं मावतात, म्हणून शेकडो तिकिटांतून सोळा पानांपुरती निवडून बाकीची मोहाशिवाय बाजूला ठेवावी लागतात. आणि निवडलेल्यांबद्दल बोलावं लागतं : हे कुठं छापलं, कागदात जलचिन्ह कोणतं, रंग का बदलला. अपरिग्रह स्थिरावला की जन्म का आणि कसा झाला याचं ज्ञान होतं, असं पतंजली सांगतात. ते माणसाच्या जन्माबद्दल आहे, तिकिटाच्या नव्हे. तरीही किमतीऐवजी जन्मकथा विचारणाऱ्या संग्राहकाची पकड सैल होते, हे बैठकीत डोळ्यांना दिसतं.

सगळ्यांची होते असं नाही. दुर्मिळ तिकीट झाकून ठेवणारे आहेत, मुलाला फसवून चांगलं तिकीट काढून घेणारेही आहेत. मंडळानं अशांना खपवून घेऊ नये. एका मुलाची फसवणूक हा सगळ्या बैठकीचा दोष असतो.

वाचकांच्या घरी, माळ्यावर किंवा ट्रंकेत, जुन्या पत्रांची चवड असेल तर एक विनंती आहे. तिकिटं कापू नका. पत्र पाकिटासकट, जसं आहे तसं, जवळच्या मंडळाच्या बैठकीला घेऊन जा आणि तिथल्या एखाद्या मुलाला त्यावरचा शिक्का वाचायला द्या.