जन्मठेप आणि युगानुयुग

ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि फौजदारी अपिलं चालवणाऱ्या एका तरुण वकिलीणबाईंचे मुंबईचे खेटे वाचले. तेव्हापासून रविवारची उपासना आटोपली की त्या मामांकडे जेवायला जातात. मामा निवृत्त संस्कृत शिक्षक, मंडळीतले जुने सभासद. पानात तांबडा-पांढरा असतो आणि रस्सा निवेपर्यंत वाद चालतो. परवा वादाला निमित्त झालं मत्तयाच्या शुभवर्तमानातलं पंचविसावं प्रकरण. मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. एकांना सार्वकालिक जीवन, दुसऱ्यांना सार्वकालिक शिक्षा.

"मामा, सत्तर-ऐंशी वर्षांत माणूस करून करून किती पाप करणार? आणि त्याला कधीच न संपणारी शिक्षा? आमच्याकडं असा निकाल अपिलात टिकायचा नाही."

मामांचं उत्तर तयार होतं. "योनाचं पुस्तक काढ. माशाच्या पोटात पडल्या पडल्या तो म्हणतो, पृथ्वीचे अडसर माझ्यामागं कायमचे लागले. हे 'कायमचं' किती दिवसांचं? तीन. हन्नानं शमुवेलाला परमेश्वराच्या घरी सर्वकाळासाठी ठेवलं, ते त्याच्या हयातीपुरतं. हे चालू युग आणि येणारं युग अशी दोन युगं यहुदी माणूस धरायचा. त्याचं 'सर्वकाळ' त्या त्या युगाच्या मापाचं. अनंताचं गणित तो मांडत नव्हता."

"म्हणजे शिक्षा एका युगापुरती?"

"ऑरिजेन तिसऱ्या शतकात तसंच म्हणायचा. शिक्षा ही शुद्धीसाठी, आणि शेवटी सगळे देवाकडं परत."

"आणि चर्चनं काय केलं त्याचं?"

"सहाव्या शतकात धिक्कार केला." मामांनी लिंबू पिळलं. "पण बरीचशी तीच आशा बाळगणारा निस्साचा ग्रेगरी मात्र संतांच्या यादीत राहिला. चर्चचा हिशेब कधीकधी असा असतो."

भाची गप्प बसणारी नव्हती. एकाच वाक्यात जीवन आणि शिक्षा दोन्ही सार्वकालिक म्हटली आहेत. मग शिक्षेची मुदत कमी केली तर जीवनाचीही करावी लागेल, हा मुद्दा तिचा तिलाच सुचला. तो जुनाच आहे. ऑगस्टीननं पाचव्या शतकात 'देवाचं नगर' या ग्रंथात दयाळू मंडळींना नेमकं इथंच अडवलं होतं. पेच खरा आहे. नरक आखूड करायला गेलं की स्वर्गही आखूड होतो, आणि स्वर्ग अक्षय ठेवला की नरकही विझत नाही.

इथं मामांनी नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांचं नाव काढलं. मराठी चित्पावन घराण्यातले गोऱ्हे काशीत वाढले. स्कॉटिश संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांनी 'मतपरीक्षा' लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली, तेव्हा विशीतल्या शास्त्रीबुवांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहून तिला उत्तर दिलं. थोडक्या आयुष्यातल्या पापाला अनंत नरक का? ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचं नावच गेलं नाही त्यांचं काय? तान्ही मुलं कुठल्या पापापायी तळमळतात? त्यांचा रोख असा होता. कर्माच्या हिशेबात निदान माप तरी आहे. नरक भोगून संपतो, पुन्हा जन्म मिळतो. कलियुग झालं तरी त्याची 4,32,000 वर्षं ठरलेली.

"आणि स्वर्ग?" भाचीनं विचारलं.

"तोही संपतो. पुण्य सरलं की खाली या."

म्हणजे कर्मसिद्धान्त दोन्ही बाजू सारख्याच आखूड करतो आणि मत्तय दोन्ही सारख्याच लांबवतो. भाचीला हवी होती एक आखूड आणि एक लांब. सगळ्याच दयाळू माणसांना तशी ती हवी असते, आणि ते मागणं हास्यास्पद मुळीच नाही.

गोऱ्ह्यांची गोष्ट पुढं विचित्र वळण घेते. 1848 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ते नेहेम्या गोऱ्हे झाले, आणि ज्या सिद्धान्तावर त्यांनी हल्ला चढवला होता त्याच सार्वकालिक शिक्षेच्या बाजूनं 1868 मध्ये पुस्तिका लिहिली. विशीतले प्रश्न मात्र त्या पुस्तिकेनं निकाली निघाले नाहीत.

न ऐकलेल्यांचा प्रश्न तर कोल्हापूरलाही चिकटलेला आहे. 1852 मध्ये इथं आलेल्या अमेरिकन मिशनरी वायल्डर यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढं अमेरिकेत त्यानं विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभारायला मोठा हातभार लावला. याच पिढीत सगळ्या जगाला सुवार्ता, ही तिची घोषणा. एवढी घाई कशासाठी? न ऐकता मेलेल्याचं पुढं काय होतं, या धास्तीचा त्यात मोठा वाटा होता.

भाचीनं हात धुतले आणि वकिली काढली. "गोपाळ गोडसेचा खटला ठाऊक आहे ना? जन्मठेप म्हणजे वीस वर्षं, सूट धरून माझी भरली, आता सोडा, असा त्याचा अर्ज होता. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. वीस वर्षांचा आकडा फक्त हिशेबाच्या सोयीसाठी. अर्ज फेटाळला. पण सूट देणं सरकारच्या हातात आहे, हेही सांगितलं. 1964 मध्ये सरकारनं त्याला सोडलं. शिक्षा शेवटपर्यंतचीच होती, आणि तरी माणूस बाहेर आला."

"म्हणजे ऑगस्टीन न्यायालयाच्या जागी बरोबर, आणि ऑरिजेन सरकारच्या?"

"ऑरिजेन जास्त बोलला. सुटका हा कैद्याचा हक्क नसतो. सगळे सुटणारच, असं आधी लिहून देता येत नाही. अर्ज करता येतो."

मामांना हे पटलं नाही. "लूकचं सोळावं प्रकरण बघ. श्रीमंत माणूस अधोलोकातून अर्जच करतो. लाजाराला पाठव, बोट बुडवून जिभेला थेंबभर पाणी लाव. अब्राहाम म्हणतो, मध्ये मोठी दरी आहे. नामंजूर."

"पाण्याचा नामंजूर. मग तो आपल्या पाच भावांसाठी मागतो, त्यांना तरी सावध करा म्हणून. आयुष्यभर दारातल्या लाजाराकडं न बघितलेला माणूस नरकात पडून दुसऱ्याचा विचार करायला लागतो! आमच्याकडं कैद्याची वर्तणूक सुधारली की नोंद होते, मामा. इथं झाली का नाही?"

"अगं, तो दाखला आहे. खटल्याची कागदपत्रं नव्हेत ती."

"मग दरीसुद्धा दाखल्यातलीच धरा," भाची म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. मामांनी चष्मा पुसून लूकचं सोळावं प्रकरण पुन्हा पहिल्या ओळीपासून काढलं.